ठोके अनियमित असताना झोप कशी बसवायची: रात्री नाडी मोजत पडणाऱ्यांसाठी

रात्रीचे तीन. डोळे मिटलेले, पण दोन बोटं मानेवरच्या नाडीवर. ठोके सरळ चाललेत, चाललेत, मग एक गायब आणि त्याच्या पाठोपाठ छातीत एक दणका. संपली झोप. हे वाचून "हे तर माझंच" असं वाटलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

मला पॅरॉक्सिस्मल एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे अधूनमधून येऊन आपोआप थांबणारं एएफ आहे. एएफ म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, आलिंदांची, लय विस्कटणं. सुरुवातीला एएफ महिन्यातून एखाद्या रात्री यायचं आणि झोप मात्र उरलेल्या सगळ्याच रात्री जायची. हा हिशेब लक्षात यायला मला दीड वर्ष लागलं. तोवर मी एकच धरून बसले होते की ठोके ताळ्यावर आले की झोप आपोआप येईल. औषधांनी ठोके बऱ्यापैकी ताळ्यावर आले, झोप काही आली नाही. झोपेवर वेगळं काम करावं लागतं, आणि त्यासाठी हृदय पूर्ण शांत व्हायची वाट पाहायची गरज नसते. पायऱ्या ज्या क्रमाने करायला हव्या होत्या तशाच खाली मांडल्यात. मी स्वतः जवळजवळ उलट्या क्रमाने केल्या आणि त्यात बराच काळ वाया घालवला.

मी डॉक्टर नाही. खाली जिथे औषधाचं नाव येईल तिथे "डॉक्टरांना विचारा" हे दरवेळी लिहिणार नाही, ते गृहीत धरा.

सगळ्यात आधी: हा लेख कधी बाजूला ठेवायचा

धडधडीबरोबर शुद्ध हरपली किंवा हरपेलसं वाटलं, छातीत दाब आला, बसल्या जागी धाप लागली, तोंड एका बाजूला वाकडं झालं, एका हातातली ताकद गेली किंवा बोलणं अडखळलं, तर रुग्णवाहिका बोलवा. सकाळपर्यंत थांबू नका. तसंच, घरात कोणी तरुण वयात झोपेत अचानक गेलं असेल, किंवा तुम्ही स्वतः कधी विनाकारण कोसळला असाल आणि ते डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं असेल, तर आधी ते सांगा. झोपेचं नंतर पाहू.

हाताशी काय असावं

- शेवटचा ईसीजी, टू-डी इको आणि होल्टरचा (दिवस-रात्र अंगावर बांधून ठोके नोंदवणाऱ्या यंत्राचा) पूर्ण अहवाल. फक्त पहिलं पान पुरत नाही, कारण रात्रीच्या तासांचे तपशील आतल्या पानांवर असतात.
- सगळ्या गोळ्यांची यादी, डोस आणि घेण्याच्या वेळेसकट. सर्दीची, पित्ताची, "नैसर्गिक" म्हणून घेतलेली पूरक गोळीही त्यात लिहा.
- टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि मूत्रपिंडाच्या तपासणीचे अलीकडचे आकडे. थायरॉइड वाढलेलं असलं तर तेच ठोकेही बिघडवतं आणि झोपही. अमिओडेरोन हे लयीचं औषध घेणाऱ्यांनी हे विशेष पाहावं, कारण त्या औषधात आयोडीन भरपूर असतं.
- दंडावर बांधायचं रक्तदाबाचं यंत्र. ठोके अनियमित असताना एका मोजणीवर विश्वास ठेवू नका, तीन घेऊन सरासरी काढा.
- एक साधी वही आणि शिवणकामाची मोजपट्टी. मोजपट्टी कशाला, ते तिसऱ्या पायरीत.

१. तुमच्या लयीचं नेमकं नाव विचारा

"ठोक्यांचा त्रास आहे" एवढ्यावर भागत नाही. रात्री काय करायचं हे नावावर ठरतं.

एक्टोपिक म्हणजे वेळेआधी पडलेला ठोका. त्याच्यानंतर थोडा मोठा विराम येतो आणि मग पुढचा ठोका जरा जोरात पडतो. आपल्याला जाणवतो तो बहुधा हा जोराचा ठोका. म्हणजे आपण ज्याला "ठोका चुकला" म्हणतो, त्यात खरं तर एक ठोका घाईने येऊन गेलेला असतो. हृदयाची रचना चांगली असेल आणि त्यांची संख्या फार नसेल तर हे बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. रात्री ते जास्त जाणवतात, कारण आजूबाजूला शांतता असते आणि लक्ष द्यायला दुसरं काही नसतं.

एएफमध्ये सगळी लयच विस्कटते. काहींना ते धावपळीत, ताणात सुरू होतं. काहींना नेमकं विश्रांतीत, रात्री, भरपेट जेवणानंतर. या दुसऱ्या प्रकाराचं, म्हणजे व्हेगस या हृदय मंदावणाऱ्या चेतेच्या जोराने येणाऱ्या एएफचं, वर्णन फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ फिलिप कूमेल यांनी १९७०च्या दशकात केलं. तुमचं एएफ कायम रात्रीच येत असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, औषधाच्या निवडीत त्याचा विचार होतो.

पीएसव्हीटी (हृदयाच्या वरच्या भागातून येणारी वेगवान धडधड) बटण दाबल्यासारखं सुरू होतं आणि तसंच थांबतं. त्याच्यासाठी एक उपाय नवव्या पायरीत आहे.

लाँग क्यूटी आणि ब्रुगाडा सिंड्रोम ही वेगळी घराणी, हृदयाच्या विद्युत यंत्रणेतल्या, बहुधा आनुवंशिक दोषांची. ब्रुगाडाचे आणि लाँग क्यूटीच्या तिसऱ्या प्रकाराचे गंभीर झटके विश्रांतीत किंवा झोपेत येऊ शकतात. ब्रुगाडात तापही धोका वाढवतो, म्हणून अंग तापलं की ताप लगेच उतरवायचा. लाँग क्यूटीच्या दुसऱ्या प्रकारात अचानक झालेला मोठा आवाज झटका आणू शकतो; अशा घरात कर्कश गजराचं घड्याळ आणि उशाशी खणखणणारा फोन शयनगृहात ठेवत नाहीत. तुमच्या अहवालावर यातलं एखादं नाव असेल तर खालच्या सर्वसाधारण सूचना वापरण्याआधी आपल्या तज्ज्ञांशी बोला.

एक भीती मात्र इथेच काढून टाकते. झोपेत नाडी मंदावणं नैसर्गिक आहे. गाढ झोपेत मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस ठोके पाहून मी पहिल्यांदा घाबरले होते. होल्टरमध्ये रात्री दोन सेकंदांचा विराम दिसला तरी तो बहुतेक वेळा काळजीचा नसतो. मात्र रात्रीच नाडी फार मंदावत असेल किंवा मोठे विराम दिसत असतील, तर पेसमेकरच्या चर्चेआधी झोपेतला श्वास तपासून घ्यावा. अनेकदा मूळ तिथे सापडतं.

२. १४ दिवस वही ठेवा, पण सकाळी

रात्री जाग आली की लगेच लिहायचं नाही. घड्याळ बघायचं नाही. सकाळी उठल्यावर अंदाजाने लिहायचं: अंथरुणात कधी गेलो, साधारण कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, कधी उठलो, दुपारी डुलकी काढली का. आणि त्याखाली दोन ओळी, ज्या या आजारात सगळ्यात कामाच्या ठरतात:

- जाग कशाने आली?
- जाग आल्यावर पहिलं काय केलं?

माझ्या वहीत १४ रात्रींत १९ वेळा जाग आल्याची नोंद निघाली. त्यातल्या फक्त ३ वेळा ठोके आधीच बिघडलेले होते. बाकी वेळा लघवी लागली होती, तोंडाला कोरड पडली होती, किंवा नुसतीच कूस बदलली होती. आणि "पहिलं काय केलं" या ओळीत जवळजवळ प्रत्येक वेळी एकच उत्तर होतं: नाडी पाहिली. माझी समजूत होती की हृदय मला उठवतं. वहीत उलट दिसत होतं, जाग आल्यावर मीच जाऊन हृदयाचं दार ठोठावत होते.

लघवी आणि कोरडं तोंड या दोन नोंदींनी तर पुढची पायरी दाखवली.

३. श्वास तपासा. ही पायरी गाळू नका

झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडण्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. एएफ असलेल्यांत तो फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. कारण समजलं की महत्त्व पटतं. घसा बंद असताना छाती हवा ओढायला जोर लावते, त्या ओढीने आलिंदांच्या पातळ भिंती ताणल्या जातात. रक्तातला प्राणवायू उतरतो. मग मेंदू दचकून उठवतो, ॲड्रिनलिन उसळतं, रक्तदाब चढतो. हे तासाला वीस-तीस वेळा, रोज रात्री. आलिंदं ताणली की लघवी वाढवणारं एक संप्रेरकही स्रवतं, म्हणून अशा लोकांना रात्री वारंवार उठावं लागतं. एएफचा झटका चालू असतानाही हेच होतं. मी ते रात्री पाणी जास्त प्यायल्यामुळे होतं असं समजत होते.

"पण मी घोरत नाही" आणि "मला दिवसा कुठे झोप येते?" हे दोन्ही मी डॉक्टरांना ऐकवलं होतं. नवरा मागे उभा राहून मान हलवत होता. घोरणाऱ्याला आपलं घोरणं कधीच ऐकू येत नाही. आणि एएफच्या रुग्णांत ॲप्निया असूनही दिवसा पेंग न येणारे पुष्कळ असतात, त्यामुळे पेंगेवर आधारलेली प्रश्नावली त्यांना हमखास चुकवते. बायकांत तर थकवा, सकाळची डोकेदुखी, तुटक झोप अशीच लक्षणं पुढे येतात आणि त्यांचं खापर दुसऱ्याच कशावर तरी फुटतं.

आता मोजपट्टी. स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची चाळणी आहे: घोरणं, थकवा, कोणी श्वास थांबलेला पाहिला का, रक्तदाब, स्थूलता, ५० च्या पुढचं वय, मानेचा घेर ४० सेंटीमीटरच्या पुढे, पुरुष असणं. तीन किंवा अधिक "हो" आले तर तपासणी करा. माझे तीनच आले होते आणि अहवाल मध्यम ॲप्नियाचा निघाला.

तपासणी दोन प्रकारची. घरी नेऊन झोपायचं छोटं यंत्र, किंवा प्रयोगशाळेत एक रात्र काढून पूर्ण पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे मेंदूच्या लहरींसकट सगळं. हृदयाचा पंप कमजोर असेल, फुप्फुसाचा मोठा आजार असेल, तर प्रयोगशाळाच बरी. घरच्या यंत्राचा अहवाल "ठीक" आला पण लक्षणं तशीच राहिली तरीही पूर्ण तपासणी मागा.

अहवालात एएचआय नावाचा आकडा पाहा: तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला. ५ पेक्षा कमी ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र. प्राणवायू किती खाली उतरला आणि पाठीवर झोपल्यावरचा एएचआय वेगळा किती, तेही विचारा. काहींचा सगळा त्रास पाठीवर झोपल्यावरच असतो, त्यांचं काम कुशीवर झोपण्याच्या सवयीने बरंच हलकं होतं.

मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र हा मुख्य उपाय. १९८१ साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून हा प्रयोग केला होता. पहिल्या रात्री तोंडावर मास्क चढवल्यावर मला ते शब्दशः पटलं. पहिल्या आठवड्यात सोडून देणारे खूप असतात. मी असं केलं: चार दिवस दिवसा, जागेपणी, वाचताना अर्धा तास मास्क लावला, मग रात्री. मास्कचा आकार बदलून मागायला लाजू नका, मला तिसरा बसला. नाक कोरडं पडत असेल तर आर्द्रता वाढवा.

सीपॅपने एएफ थांबेल का? निरीक्षणातून झालेल्या अभ्यासांत उपचार घेणाऱ्यांचं एएफ कमी उलटलेलं दिसतं, पण काटेकोर तुलनात्मक चाचण्यांनी ते अजून पक्कं केलेलं नाही. रात्रीची लघवी, कोरडं तोंड आणि दचकून उठणं मात्र माझं महिन्याभरात कमी झालं.

सापळा: हृदय निकामी होण्याचा आजार असेल तर ॲप्नियाचा दुसरा प्रकार, सेंट्रल, असू शकतो; यात मेंदूकडून श्वासाचा इशाराच येत नाही. त्यासाठी वापरलं जाणारं एएसव्ही नावाचं यंत्र पंपाची क्षमता ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्यांत धोकादायक ठरल्याचं २०१५ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. म्हणून दुसऱ्याचं यंत्र उसनं घेऊन लावण्याचा उद्योग करू नका.

४. गोळ्यांच्या वेळा मांडून बसा

यादी डॉक्टरांसमोर ठेवा आणि प्रत्येक गोळीपुढे विचारा: ही सकाळी घेतली तर चालेल का?

लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेत असाल तर अर्धी रात्र तिच्यातच जाते. ठोके मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या रात्री शरीरात तयार होणारं मेलाटोनिन कमी करतात, आणि प्रोप्रानोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या मेंदूत सहज शिरणाऱ्या गोळ्यांनी काहींना विचित्र, ठसठशीत स्वप्नं पडतात. मी महिनाभर परीक्षेत नापास होत होते. "मनी वसे ते स्वप्नी दिसे" म्हणून मनाची झडती घेत बसले, शेवटी गोळीची वेळ आणि प्रकार बदलल्यावर परीक्षा बंद झाल्या. गोळी स्वतःहून मात्र बंद करू नका. बीटा ब्लॉकर एकदम थांबवला की ठोके उसळी मारतात.

रक्त पातळ करणारी गोळी झोपेच्या गोंधळात चुकते, हा मोठा सापळा. जी गोळी दिवसातून दोनदा असते, तिचा रात्रीचा डोस दात घासण्याला बांधून टाका. रिव्हारोक्साबॅनचा १५ किंवा २० मिलिग्रॅमचा डोस जेवणाबरोबर घ्यायचा असतो, नाहीतर तो नीट शोषला जात नाही. ती झोपताना रिकाम्या पोटी घेऊ नका.

याच्याशी जोडलेली एक साधी गोष्ट कोणी सांगत नाही. या गोळ्या घेणाऱ्याने रात्री धडपडून डोकं आपटणं महागात पडतं. अंथरुणापासून बाथरूमपर्यंत मंद दिवा लावून ठेवा. उठताना आधी काठावर मिनिटभर बसा, मग उभे राहा. डोक्याला मार लागलाच, तर बरं वाटत असलं तरी दाखवून या.

५. कूस, उशी आणि रात्रीचं जेवण

डाव्या कुशीवर झोपलं की हृदय छातीच्या भिंतीला अधिक टेकतं आणि प्रत्येक ठोका गादीत वाजतो. काहींना याच कुशीवर एक्टोपिक वाढलेले जाणवतात. सोपा उपाय, उजव्या कुशीवर झोपा. पण पित्त वर येणाऱ्यांना डावी कूसच सोयीची, उजवीवर जळजळ वाढते. माझी दोन्ही दुखणी असल्यामुळे मी बराच काळ भोवऱ्यासारखी फिरत होते. तोडगा निघाला तो पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ सेंटीमीटरचे ठोकळे ठेवून. त्याने पित्त खाली राहिलं आणि उजवी कूस वापरता आली. नुसत्या उशा रचून काम होत नाही, कंबरेत वाकून पोटावर दाब येतो.

कान उशीत दाबला गेला की आपलीच नाडी कानात वाजते. पातळ, मऊ उशी घ्या, किंवा पंख्याची मंद घरघर चालू ठेवा.

जेवण झोपण्याआधी तीन तास, आणि बेताचं.

६. कॉफी आणि दारू: दोघींना एका तराजूत तोलू नका

कॉफीबद्दल लोक टोकाचं बोलतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १०० निरोगी माणसांना काही दिवस कॉफी, काही दिवस कॉफीबंदी असं ठेवलं. आलिंदांतले जादा ठोके फारसे बदलले नाहीत, जवनिकांतले (खालच्या कप्प्यांतले) वाढले, आणि कॉफीच्या दिवशी झोप सरासरी ३६ मिनिटांनी घटली. २०२५ मध्ये एएफच्या रुग्णांवरच्या चाचणीत तर रोज निदान एक कप पिणाऱ्यांत एएफ उलटण्याचं प्रमाण कॉफी सोडणाऱ्यांपेक्षा कमी दिसलं. म्हणून माझा सल्ला असा, की तुम्हाला कॉफी बाधत नसेल तर सोडू नका, पण दुपारनंतर नको. कॅफीन निम्मं उतरायला सुमारे पाच तास लागतात, काहींना याहून बरेच जास्त. एक्टोपिकचा त्रास असेल तर दोन आठवडे सोडून वहीत फरक दिसतो का ते पाहा.

दारूबद्दल मात्र पुरावा सरळ आहे. २०२० च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत नियमित पिणाऱ्या १४० एएफ रुग्णांपैकी निम्म्यांना दारू सोडायला लावली. सहा महिन्यांत सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांना एएफ उलटलं, पिणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांना. शिवाय दारू घशाचे स्नायू सैल करून ॲप्निया वाढवते आणि उत्तररात्री झोप मोडते. "एक पेग घेतला की छान झोप लागते" हे फक्त पहिल्या दोन तासांपुरतं खरं.

७. मनगटावरचं घड्याळ रात्री काढा

हे लिहिताना मला अजून थोडं जड जातं, कारण माझं घड्याळ म्हणजे माझा पहारेकरी होता. पण मनगटावरचा हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताच्या लाटेवरून अंदाज बांधतो. हात दबला, पट्टा सैल झाला की तो चुकतो. एक्टोपिकची कमजोर लाट मनगटापर्यंत पोचत नाही आणि मग नाडी "निम्मी" दिसते. झोपेचे "गुण" तर आणखी अंदाजपंचे. कमी गुण पाहून दिवसभर थकल्यासारखं वाटणं, हा मी स्वतः केलेला मूर्खपणा.

डॉक्टरांनी रात्रीची नोंद मुद्दाम मागितली असेल तर सूचना आणि स्क्रीन बंद करून घाला. एरवी ते दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. खोलीतलं भिंतीवरचं घड्याळही पाठमोरं करा.

८. अंथरूण आणि जागरण यांची फारकत

निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचाराला सीबीटी-आय म्हणतात. २०१६ पासून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने दीर्घकाळच्या निद्रानाशात गोळ्यांच्या आधी हाच उपचार सुचवला आहे. माझ्यासाठी सगळ्यात जास्त फरक इथेच पडला, त्यामुळे थोडं सविस्तर सांगते.

पहिलं सूत्र: अंथरूण फक्त झोपेसाठी. पंधरा-वीस मिनिटं (अंदाजाने!) झोप लागत नाहीये आणि कान छातीकडे लागलेत असं दिसलं, की उठून दुसऱ्या जागी बसायचं. मंद उजेड, काहीतरी कंटाळवाणं वाचन. पेंग आली की परत. पहिल्या आठवड्यात मी रात्रीतून चार वेळा उठले आणि हा प्रकार शोधणाऱ्याला शिव्या घातल्या. तिसऱ्या आठवड्यात एकदाच उठावं लागलं.

दुसरं सूत्र: अंथरुणातला वेळ आक्रसून घ्यायचा. वहीतून सरासरी काढा. मी अंथरुणात नऊ तास असायचे, झोपायचे साडेपाच. मग मी अंथरुणात सहाच तास थांबायचं ठरवलं: साडेबाराला आत, साडेसहाला बाहेर, सुट्टीच्या दिवशीही. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्के झोपेत जायला लागला की दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवायची. साडेपाच तासांच्या खाली जाऊ नका. आणि हे सूत्र सुरू करण्याआधी डॉक्टरांना कळवा, कारण पहिले काही दिवस झोप कमीच होते आणि अपुऱ्या झोपेने ठोके चाळवू शकतात. लाँग क्यूटी, ब्रुगाडा, अपस्मार किंवा बायपोलर आजार असलेल्यांनी देखरेखीशिवाय करू नये. त्या दिवसांत पेंगत गाडी चालवू नका. माझ्या डॉक्टरांनी "हळू जा" म्हटलं, म्हणून मी नवावरून आधी साडेसात, मग सहा असं उतरले.

तिसरं: काळजीची वेळ ठरवा. संध्याकाळी पंधरा मिनिटं बसून हृदयाविषयीचे सगळे प्रश्न कागदावर उतरवायचे. रात्री तोच प्रश्न आला तर "लिहून झालाय" एवढंच म्हणायचं. बालिश वाटतं, पण उपयोग होतो.

९. रात्री खरंच सुरू झालं तर: एक कार्ड

हे कार्ड दिवसा, डॉक्टरांशी बोलून लिहा आणि उशाशी ठेवा. अंधारात निर्णय घ्यायची वेळ आली की डोकं भलतीकडेच धावतं. माझ्या कार्डावर असं आहे:

- धोक्याची लक्षणं आहेत का? (वरची यादी.) असतील तर रुग्णवाहिका.
- नसतील तर उठून बस, घोटभर पाणी, नाडी एकदाच पूर्ण मिनिटभर मोज. पुन्हा मोजायची नाही.
- नाडी ठरवलेल्या आकड्याच्या वर आहे का, झटका ठरवलेल्या तासांपेक्षा जास्त चाललाय का? असेल तर ठरलेला फोन. (आकडे प्रत्येकाचे वेगळे, आपले भरून घ्या.)
- जादा गोळी फक्त आधी लिहून दिली असेल तरच.
- नाहीतर श्वास सावकाश, बाहेर सोडताना लांब. मग खुर्चीत, मग अंथरुणात.

पीएसव्हीटी असलेल्यांनी सुधारित व्हॅल्साल्व्हा शिकून घ्यावं: अर्धवट बसून १० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं, मग लगेच आडवं होऊन दुसऱ्याने पाय ४५ अंशांत १५ सेकंद उचलून धरायचे. २०१५ च्या चाचणीत याने ४३ टक्के लोकांची लय जागेवर आली, नेहमीच्या पद्धतीने १७ टक्के. एएफवर हे चालत नाही. डॉक्टरांसमोर एकदा करून पाहिल्याशिवाय घरी करू नका.

पेसमेकर किंवा आयसीडी (धोक्याची लय धक्का देऊन थांबवणारं, शरीरात बसवलेलं यंत्र) असेल तर

चुंबक असलेली कोणतीही वस्तू यंत्रापासून १५ सेंटीमीटर दूर ठेवा. यात फोन येतो, आणि सीपॅपच्या काही मास्कच्या चुंबकी चिमटेही येतात. बिनचुंबकी मास्क मागून घ्या. फोन उशीखाली किंवा छातीवर ठेवून झोपू नका. यंत्र रात्री उगाच वेगाने ठोके देतंय असं वाटलं तर तपासणीत तसं सांगा, कित्येक यंत्रांत झोपेसाठी वेगळा, संथ वेग लावता येतो. आयसीडीचा एक धक्का बसून बरं वाटत असेल तर लगेच क्लिनिकला कळवा. लागोपाठ दोन किंवा जास्त बसले, किंवा एकाच धक्क्यानंतरही बरं वाटत नसेल, तर रुग्णवाहिका.

१०. झोपेच्या गोळीकडे वळण्याआधी

इथे आगीतून फुफाट्यात जायची शक्यता सगळ्यात जास्त. हायड्रॉक्सिझिन, ट्रॅझोडोन, अमिट्रिप्टिलिन, क्वेटियापिन ही झोपेसाठी सर्रास दिली जाणारी औषधं क्यूटी (ईसीजीवरचं एक अंतर, ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ) लांबवू शकतात. सोटालॉल किंवा अमिओडेरोन या लयीच्या गोळ्याही तेच करतात. दोन्ही एकत्र आली तर धोका वाढतो, पोटॅशियम कमी असेल तर आणखीच. क्रेडिबलमेड्स या संकेतस्थळावर अशा औषधांची यादी असते. औषध देणाऱ्या प्रत्येकाला, दातांच्या डॉक्टरांनाही, आपल्या लयीच्या गोळीचं नाव सांगा.

नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, ते ठोके वाढवतं. मेलाटोनिन तुलनेने सौम्य. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या १६ जणांच्या एका छोट्या चाचणीत २.५ मिलिग्रॅमने झोप सुधारली होती. पण वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल तर विचारल्याशिवाय नको. मॅग्नेशियमची पूरक गोळी मूत्रपिंड अधू असेल तर नको. झोपेच्या नेहमीच्या गोळ्यांनी रात्री तोल जातो, आणि रक्त पातळ असताना पडणं किती वाईट ते वर आलंच आहे. ॲप्निया तपासलेला नसेल तर श्वासाचीही पंचाईत.

११. शेजारी झोपणाऱ्यासाठी

तुमच्याकडे एक महत्त्वाचं काम आहे: घोरण्याचा, श्वास थांबून हुंकार येण्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाजासकट. माझ्या तपासणीची चिठ्ठी अशा व्हिडिओमुळेच मिळाली. वरचं कार्ड वाचून ठेवा.

आणि रात्री "ठोके बरे आहेत ना?" असं विचारू नका. प्रेमाने विचारलेला तो प्रश्न आम्हाला पुन्हा मोजायला बसवतो. आमच्याकडे आता ठोक्यांची चौकशी सकाळच्या चहानंतर होते, आणि रात्री मी उठून बाहेरच्या खुर्चीत बसले तर नवरा कूस बदलून फक्त "दिवा लावलास ना?" एवढंच विचारतो.